हायड्रॉक्सिल मशीन : घेण्याआधी, लावताना आणि लावल्यावर

जुलै लागला की कोल्हापुरात खिडक्या बंद होतात आणि माझा फोन वाजायला लागतो. मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करतो, दिवसभर जंतू उगवलेल्या प्लेटा बघणं हाच धंदा. फोन करणारे बहुतेक छोटे दवाखानेवाले, कधी पेढे-बासुंदी करणारा डेअरीवाला, कधी क्लासवाले सर. प्रश्न ठरलेला असतो. "ते हायड्रॉक्सिल मशीन म्हणतात ते घेऊ काय?" मशीनवाला आदल्या दिवशीच येऊन गेलेला असतो. डबा भिंतीला लावा, बटण दाबा, हवेतले आणि टेबलावरचे सगळे जंतू खलास, जगात भारी, असं सांगून कोटेशन ठेवून गेलेला असतो.

प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो. घ्यायचं की नाही, घेतलं तर कुठलं, कुठे लावायचं आणि ते खरंच काम करतंय का हे स्वतः कसं तपासायचं. रसायनशास्त्र थोडंच येईल, पण तेवढं वाचाच. ते माहीत नसेल तर सेल्समन म्हणेल ती पूर्व दिशा.

पहिली पायरी : हे रॅडिकल आहे तरी काय

पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन. त्यातला एक हायड्रोजन काढून घेतला की मागे उरतं ते हायड्रॉक्सिल रॅडिकल. शाळेच्या पुस्तकात याला मूलक म्हणतात. त्याच्याकडचा एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, म्हणून ते समोर येईल त्याचा हायड्रोजन ओरबाडतं आणि पुन्हा पाणी होऊन जातं. समोर जंतू आला तर त्याच्या आवरणातली चरबी, आतली प्रथिनं, डीएनए, जे हाताला लागेल ते तुटतं. जंतुनाशकांची ऑक्सिडेशनची ताकद व्होल्टमध्ये मोजतात. क्लोरीन १.३६, हायड्रोजन पेरॉक्साइड १.७८, ओझोन २.०७ आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल २.८. नेहमीच्या वापरातलं एकही औषध याच्या पुढे नाही.

मशीनवाला इथपर्यंत सांगतो आणि थांबतो. खरी गोम पुढे आहे. इतकं तापट रॅडिकल टिकत नाही. बाहेरच्या मोकळ्या हवेत त्याचं आयुष्य फार तर सेकंदभर. खोलीत तर त्याहूनही कमी, कारण तिथे अत्तर, फिनेल, पॉलिश, माणसांचा श्वास अशा शंभर गोष्टींशी त्याची आधी गाठ पडते. तेवढ्या वेळात ते आपल्याआप सरकून सरकून किती जाणार? काही मिलिमीटर. पंख्याने ढकललं तरी वीतभर. म्हणजे भिंतीवरच्या डब्यात जन्मलेलं रॅडिकल समोरच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. गंगावेश तालमीतला मल्ल कितीही ताकदीचा असू दे, आखाड्यात उतरेल त्यालाच तो चीत करणार. रस्त्याने जाणाऱ्याला नाही.

तेव्हा या विषयात कुठलाही दावा ऐकला की एकच प्रश्न विचारायचा: रॅडिकल कुठे तयार होतंय आणि जंतू कुठे आहे? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नातूनच निघतात.

"पण निसर्गात तर हे आपोआप असतं," हेही मशीनवाला सांगतो, आणि ते खरं आहे. वातावरणातल्या ओझोनवर ऊन पडतं, त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा अणू पाण्याच्या वाफेला भिडतो आणि रॅडिकल तयार होतं. मिथेन, कार्बन मोनॉक्साइड असले वायू हवेतून निघून जातात ते मुख्यतः याच्यामुळे. पण प्रमाण बघा. एका घनसेंटिमीटर हवेत सरासरी दहा लाखांच्या आसपास रॅडिकल. दहा लाख ऐकायला मोठे वाटतात, पण तेवढ्याच हवेतल्या एकूण रेणूंचा आकडा २५ वर १८ शून्यं असा आहे.

मोकळ्या हवेत जंतू लवकर मरतात ही गोष्टही जुनी. इंग्लंडमधल्या पोर्टन डाउन इथल्या सरकारी प्रयोगशाळेत ड्रुएट आणि मे या दोघा संशोधकांनी कोळ्याच्या जाळ्याच्या बारीक धाग्यांवर ई. कोलाय जंतू बसवले आणि ते धागे बाहेरच्या हवेत ठेवून पाहिले. बंदिस्त हवेपेक्षा उघड्या हवेत जंतू झपाट्याने मेले. १९६८ मध्ये त्यांनी हे छापलं. कारण म्हणून त्यांचा रोख ओझोन आणि हवेतल्या इतर वाफा एकत्र येऊन जे काही बनतं त्याच्याकडे होता. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं, तिथे रोग्यांना मोकळ्या हवेत ठेवायचे, ते काही उगीच नाही. मशीनचे माहितीपत्रक छापणारे हाच धागा उचलतात. मी त्यातून वेगळा अर्थ काढतो: खिडकी उघडता येत असेल तर पहिलं मशीन तीच.

दुसरी पायरी : डब्याच्या पोटात काय आहे ते विचारा

बाजारात 'हायड्रॉक्सिल' या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या जातीची मशीनं विकली जातात. बाहेरून सगळी सारखीच, पांढरा डबा आणि निळा दिवा.

पहिली जात फोटोकॅटॅलिसिसची. आत जाळी असते, तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर. हा तोच पदार्थ जो पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असतो. त्याच्यावर ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश पडला की जाळीच्या पृष्ठभागावर पाण्याच्या वाफेपासून रॅडिकल तयार होतात. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाश वापरून पाणी फोडून दाखवलं, तिथून हा सगळा पसारा सुरू झाला. याने जंतूही मरतात हे १९८५ मध्ये जपानमध्येच मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. यात पंखा खोलीतली हवा आत ओढतो, कुस्ती डब्यातच होते आणि साफ हवा बाहेर येते. माझ्या मते प्रामाणिक मशीन हेच. पण ते फक्त हवेचं आहे, टेबलाचं नाही.

दुसरी जात बाहेर काहीतरी फेकणारी. कधी आयन, कधी हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ, कधी ओझोन. "आमचं मशीन रॅडिकल खोलीभर पसरवतं" असं कोणी म्हणालं की समजायचं, पसरतंय ते रॅडिकल नाही, दुसरंच काही. ते काय आहे आणि किती आहे, हे लेखी मागा. ओझोन असेल तर जपून. जागतिक आरोग्य संघटना आणि आपलं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, दोघांचीही आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे साधारण अब्ज भागांत ५० भाग. जंतू लवकर मारायला याच्या कैक पट ओझोन लागतो. थोडक्यात, माणसं बसलेल्या खोलीत ओझोनने जंतू मारायचे तर आधी माणसांच्या फुप्फुसावर प्रयोग होणार.

तिसऱ्या जातीत ओझोन असतोच, वर संत्र्या-लिंबाच्या वासाची बाटली असते. त्या वासातलं लिमोनीन आणि ओझोन भेटले की खरोखरच हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. दावा खोटा नाही. पण सोबत फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कणही तयार होतात, आणि माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख नसतो.

हे मी पुस्तकातून कमी आणि अंगावर घेऊन जास्त शिकलो. एका विक्रेत्याने महिनाभर वापरून बघा म्हणून एक मशीन लॅबमध्ये ठेवलं. मीडिया, म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य, बनवतो त्या खोलीत मी ते रात्रभर चालू ठेवायचो, दार बंद. आमच्या मावशी संध्याकाळी लिंबाच्या वासाच्या फिनेलने फरशी पुसून जायच्या. सकाळी दार उघडलं की झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला तिखट वास आणि घशात खवखव. मला वाटायचं, वा, काय निर्जंतुक झालंय! तिसऱ्या आठवड्यात जुन्या रिपोर्टांचा गठ्ठा उचलला तर रबरबँड हातात तुटून आला. दुसरा बघितला, तोही. ताणलेल्या बाजूवर आडव्या बारीक चिरा, उन्हात तडकलेल्या शेतासारख्या. ड्रॉवरमधले, न ताणलेले रबर मात्र धडधाकट.

ओझोन ताणलेलं नैसर्गिक रबर असंच तडकवतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्यातला ओझोन मोजायला हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने रबराला पडणाऱ्या चिराच वापरल्या होत्या. मशीन परत गेलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: मशीन घ्या न घ्या, त्याच्यापासून हातभर अंतरावर एका पेल्याभोवती दोन साधे रबरबँड ताणून ठेवा, आणि तसेच दोन दुसऱ्या खोलीत. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला तर ओझोन आहे. नाकावर भरवसा ठेवू नका, नाक दहा मिनिटांत सरावतं.

खरेदीआधी विचारायचं ते एवढंच: आतल्या दिव्याची तरंगलांबी किती? २५४ नॅनोमीटर असेल तर तो दिवा ओझोन करत नाही, १८५ चा किरण बाहेर पडत असेल तर करतो. ओझोनची यूएल २९९८ (यूएल ही अमेरिकेतली सुरक्षा तपासणारी संस्था) चाचणी झाली आहे का? त्या चाचणीत अब्जात ५ भागांच्या खाली यावं लागतं. या दोन प्रश्नांवर विक्रेता "सर, ते कंपनीला विचारून सांगतो" म्हणाला तर चहा पाजून पाठवून द्या.

तिसरी पायरी : खोली मोजा

टेप घ्या. दवाखान्याची आतली खोली समजा १२ फूट बाय १० फूट आणि उंची १० फूट. म्हणजे १२०० घनफूट. मशीनच्या पंख्याचा सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो तो आकडा, डब्यामागच्या पट्टीवर असतो. १०० सीएफएम असेल तर तासाला ६००० घनफूट, म्हणजे खोलीची हवा तासाला पाच वेळा त्या डब्यातून जाते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२३ पासून वावराच्या जागांसाठी तासाला निदान पाच वेळा स्वच्छ हवा हे लक्ष्य सांगितलं आहे, आपणही तेच धरू.

आता कात्री. एका फेरीत सगळे जंतू मरत नाहीत. एका फेरीत तीस टक्केच मरत असतील तर पाच फेऱ्यांची किंमत दीड फेरीएवढी. म्हणून "एका फेरीत किती टक्के" हा आकडाही मागायचा. आणि अगदी पुऱ्या पाच फेऱ्या मिळाल्या तरी, एकाने शिंकून ठेवलेलं ९९ टक्के साफ व्हायला सुमारे ५५ मिनिटं लागतात. पुढचा पेशंट दहा मिनिटांनी आत येतो, हे लक्षात असू द्या.

तुलनेला हेपा फिल्टर घ्या. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो, आणि बहुतेक जीवाणू अर्ध्या मायक्रॉनपेक्षा मोठेच असतात. वीज कमी, रसायन नाही, ओझोन नाही. मला विचाराल तर साध्या दवाखान्याला आधी एक्झॉस्ट फॅन, मग हेपा, आणि वास किंवा रसायनांची वाफ हाही त्रास असेल तर वर फोटोकॅटॅलिसिस. क्षयाचे पेशंट येत असतील तर छताजवळ लावायच्या यूव्ही, म्हणजे अतिनील, दिव्यांचा विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या क्षय-प्रतिबंध मार्गदर्शिकेत त्यांची शिफारस आहे. पण ते काम जाणकाराकडूनच, कारण उघडा यूव्ही-सी डोळ्यांत गेला तर रात्री वाळू गेल्यासारखे डोळे जळतात.

मशीन लावायची जागा: जिथून घाण हवा उठते आणि जिथे माणूस श्वास घेतो, त्यांच्या मध्ये. पडद्यामागे, कपाटावर, पीओपीच्या खाचेत लावलेलं मशीन स्वतःचीच हवा पुन्हा पुन्हा पितं.

चौथी पायरी : टेबल, खुर्ची, दाराची मूठ

रॅडिकल पाठवता येत नाही, पण त्याचा बाप पाठवता येतो. तो बाप म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. हा बऱ्यापैकी टिकतो, टेबलावर पसरतो, जंतूच्या आत शिरतो आणि तिथल्या लोहाशी गाठ पडली की जागच्या जागी हायड्रॉक्सिल रॅडिकल होतं. लोह आणि पेरॉक्साइड यांची ही जोडी फेंटनने १८९४ मध्ये नोंदवली, म्हणून ती फेंटन अभिक्रिया. म्हणजे पृष्ठभागासाठी तुम्हाला हवी ती हायड्रॉक्सिलची ताकद मेडिकलच्या दुकानात बाटलीतून मिळते, भिंतीवरच्या डब्याची गरज नाही. २० व्हॉल्यूम लिहिलेली बाटली साधारण ६ टक्क्यांची. तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के.

पण आधी धुणं. हे मी हजारदा सांगतो आणि हजारदा विसरलं जातं. रॅडिकलला जंतू आणि मळ यातला फरक कळत नाही. टेबलावर रक्ताचा, दुधाचा, घामाचा थर असेल तर सगळी ताकद त्या थरावर खर्च होते आणि खालचा जंतू आरामात राहतो. जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यावर फेस येतो ना, तो जंतू मरत असल्याचा पुरावा नाही. रक्तातलं कॅटालेज पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतं, त्याचे ते बुडबुडे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत दुकानांच्या भिंती छातीपर्यंत ओल्या असताना लोक मला विचारायचे, कुठलं मशीन लावू. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून घरात आणलेला गाळ कुठल्याही रॅडिकलच्या आवाक्यातला नाही. तिथे खोरं, पाणी, साबण आणि मग ब्लीचिंग, एवढाच क्रम.

तर क्रम असा. साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडं करा, मग पेरॉक्साइड लावा आणि बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिली आहेत तेवढी पृष्ठभाग ओला राहू द्या. लावलं की लगेच पुसून टाकणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक. पेरॉक्साइड ब्लीचमध्ये मिसळू नका, व्हिनेगरमध्येही नाही. आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर तर कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो.

ऑपरेशन थिएटर किंवा आख्खी खोली करायची असेल तर फॉगर. पूर्वी पोटॅशियम परमँगनेटवर फॉर्मलिन ओतून फ्युमिगेशन करायचे. फॉर्माल्डिहाइडने माणसाला कॅन्सर होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच पक्कं केलं, तरी ती पद्धत अजून कुठेकुठे दिसते. सोडा ती. आता पेरॉक्साइड आणि चांदीचं मिश्रण धुक्यासारखं फवारतात. खोलीत माणूस, मासे, कुंडी, खायचं काही नको. एसी बंद, दाराच्या फटी टेपने बंद. लेबलवरचा वेळ पुरा झाला की हवा खेळवा आणि मगच आत जा. कामाच्या जागी पेरॉक्साइडची मर्यादा दहा लाखांत एक भाग आहे, त्यामुळे डोळे चुरचुरत असतील तर बाहेर या. धुकं कोपऱ्यात पोचलं का हे बघायला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंच्या पट्ट्या मिळतात. सगळ्यात अडचणीच्या जागी, टेबलाच्या खालच्या अंगाला वगैरे, एक पट्टी ठेवून नंतर लॅबला द्या. बीजाणू हे जंतूंमधले सगळ्यात चिवट, ते मेले तर बाकीच्यांची काळजी नको.

मधेच एक. पावसाळ्यात कपाटातल्या कोल्हापुरी चपलेवर पांढरी बुरशी येते, तिच्यासाठी हे मशीन चालेल का, असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. नाही. चप्पल उन्हात नाहीतर पंख्याखाली वाळवा, ब्रश मारा, तेलाचा हात द्या. पेरॉक्साइड लावाल तर चामड्याचा रंग जाईल.

पाचवी पायरी : रिपोर्ट वाचायचा कसा

विक्रेता लॅमिनेट केलेला रिपोर्ट दाखवेल: ९९.९ टक्के जंतू नष्ट. लॅबच्या भाषेत हे तीन लॉग, हजारातला एक उरला. आकडा बहुधा खराच असतो. तुम्ही बघायचं ते बारीक अक्षरात. किती मोठ्या पेटीत? एक घनमीटरची पेटी असेल तर ती ३५ घनफुटांची. तुमची खोली तिच्या ३४ पट आहे. किती वेळात? चार तासांत असेल तर तुमचा पेशंट केव्हाच घरी गेला. कुठला जंतू? आणि मशीन बंद ठेवून त्याच पेटीत तेवढ्याच वेळात किती मेले? हवेतले जंतू सुकून, खाली बसून आपोआपही कमी होतात. ते वजा न करता छापलेला आकडा म्हणजे पावसाचं श्रेय बेडकाला. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची आहे का, हे शेवटी बघा. आधीच्या चार प्रश्नांची उत्तरं नसतील तर मान्यतेच्या शिक्क्याने काही फरक पडत नाही.

सहावी पायरी : स्वतःची प्लेट

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम. जवळच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमधून ९० मिलिमीटरच्या तयार न्यूट्रिअंट अगार प्लेटा, म्हणजे जंतूंच्या खाद्याची जेली भरलेल्या बशा, घ्या. जमिनीपासून एक मीटर उंच, भिंतीपासून एक मीटर दूर, एक तास झाकण काढून ठेवायची. एक, एक, एक, लक्षात राहायला सोपं. तासाने झाकण लावून टेप मारा, तळाला तारीख-वेळ लिहा, उलटी करून लॅबला द्या. ३७ अंशांवर ४८ तास ठेवून तिथे कॉलन्या, म्हणजे उगवलेले जंतूंचे ठिपके, मोजतील. उगवलेली प्लेट घरी उघडू नका आणि कचऱ्यात टाकू नका, ऑटोक्लेव्ह होऊनच, म्हणजे दाबाच्या वाफेत जंतू मारूनच, जायला हवी.

एक दिवस चालू, एक दिवस बंद, असे निदान सहा दिवस करा, गर्दीच्या त्याच वेळी. एका प्लेटेवरून निष्कर्ष काढणं म्हणजे एका षटकावरून सामन्याचा निकाल लावणं.

राजारामपुरीतल्या एका दंतवैद्य मॅडमनी गेल्या पावसाळ्यात हे नीट केलं. त्यांच्या कामात एरोटरचा, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचा, तुषार उडतो, त्यामुळे काळजी खरी होती. मशीन चालू-बंदच्या प्लेटा आल्या. मी तळाची तारीख झाकून त्यांच्यापुढे ओळीने मांडल्या आणि विचारलं, सांगा, मशीन चालू होतं ते दिवस कुठले? त्यांनी दोनदा क्रम लावला, दोन्ही वेळा चुकला. पण एक प्लेट वेगळी निघाली. बाकीच्यांवर पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची दाटी, मधे एक पसरट, कडा कातरल्यासारखी करड्या रंगाची कॉलनी, आणि ही मात्र जवळजवळ मोकळी, काचेखालचा अगार दिसेल अशी.

"दादा, ह्या दिवशी मी काय वेगळं केलं?"

तारीख बघितली. त्या दिवशी लाईट गेली होती. मशीन बंद, एसी बंद, म्हणून त्यांच्या रिसेप्शनिस्टने मागची खिडकी उघडून तिच्यात वीट अडकवली होती. मॅडमनी मशीन काढलं नाही, पैसे गेलेच होते. खिडकीवर पत्र्याची झडप बसवून घेतली म्हणजे पावसातही उघडी राहील, एक्झॉस्ट लावला, आणि मशीन एसीवरून काढून खुर्चीच्या बाजूला, तुषार उडतो त्या उंचीला आणलं. नंतरच्या प्लेटा बऱ्या आल्या. त्यात मशीनचा वाटा किती आणि वीट काढून बसवलेल्या झडपेचा किती, हे मी त्यांना छातीठोक सांगितलं नाही.

टेबलासाठी स्वॅब. दहा सेंटिमीटर बाय दहाचा चौकोन, त्यात ओल्या स्वॅबने आडवं-उभं घासायचं. एक स्वॅब धुण्याआधी, एक धुतल्यावर, एक पेरॉक्साइडनंतर. बहुतेक वेळा सगळ्यात मोठा फरक पहिल्या दोनांत दिसतो आणि त्याचं श्रेय मावशींच्या फडक्याला जातं. फडकं स्वच्छ असेल तर.

सातवी पायरी : घेतलंच असेल तर सांभाळ

पुढची जाळी महिन्यातून एकदा साफ करा. आपल्याकडे दवाखाना उघडला की आधी उदबत्ती. तिचा धूर जाळीवर बसतो आणि टायटॅनियमवर प्रकाश पडायचा थांबतो. उदबत्ती लावायचीच असेल तर अर्धा तास मशीन बंद ठेवा. केसांच्या सीरममधलं आणि फर्निचरच्या पॉलिशमधलं सिलिकोन त्याहून वाईट, ते जाळीवर वाळूचा पातळ थर चढवतं आणि तो निघत नाही. ब्युटी पार्लरवाल्यांनी हे मशीन घेण्याआधी दोनदा विचार करावा तो यासाठी.

दमटपणाही बघावा लागतो. रॅडिकल बनायला पाण्याची वाफ लागते, पण फार झाली तर पाणीच जाळीवरची जागा अडवून बसतं आणि बाकीच्या वाफांना तिथे शिरकाव मिळत नाही. म्हणजे मार्चमध्ये चांगली आलेली चाचणी जुलैत तशीच येईल असं नाही. प्लेटा दोन्ही ऋतूंत ठेवा.

यूव्ही-सी दिव्याचं आयुष्य साधारण ८ ते ९ हजार तास. दिवसरात्र चालवला तर वर्षभर. निळा उजेड दिसतोय म्हणून तो चालतोय असं समजू नका. डोळ्याला दिसणारा उजेड राहतो आणि न दिसणारा, कामाचा यूव्ही आधी संपतो. लावला त्या दिवसाची तारीख मार्करने डब्यावर लिहा. बदलताना काचेला बोट लावू नका, लागलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आधी प्लग काढायचा हे वेगळं सांगायला नको, पण एकदा सांगावं लागलं आहे.

यातल्या बहुतेक दिव्यांत पारा असतो. फुटला तर सगळ्यांना बाहेर काढा, खिडकी उघडून पंधरा मिनिटं थांबा. केरसुणी नको, व्हॅक्युम तर नकोच, पारा खोलीभर होतो. तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत घाला आणि बरणी घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या. जुना, न फुटलेला दिवाही तिथेच.